जुन्या मिलिटरी ट्रकची केबिन बदलायचं काम आलं, तर भाव कसा सांगाल?

व्हिडिओत घाईघाईत सांगितलेला हिशोब इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

समजा, धाराशिवला तुळजापूर रोडवर तुमचं वेल्डिंगचं शेड आहे. ट्रॉली, शटर, टिपरच्या फाळक्याची कामं चालतात. एक दिवस एक पाहुणा जुनी शक्तिमान घेऊन येतो. ‘लिलावात घेतलीय, इंजिन खणखणीत आहे, फक्त केबिन सडलीय. सगळं मिळून किती घ्याल बोला.’

शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला लष्करी ट्रक. १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेलं उत्पादन १९९० च्या दशकात थांबलं. म्हणजे सर्वात तरुण गाडीसुद्धा पंचविशी ओलांडलेली! लष्कराची बाद वाहनं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकली जातात, तीही ‘जिथे आहे, जशी आहे’ या अटीवर. नंतर तक्रार ऐकायला कुणी नसतं. पाहुण्यानं ही जोखीम पत्करलीय, आणि ‘सगळं मिळून’ म्हणत तीच तो तुमच्या गळ्यात घालतोय. त्याची चूक नाही हो, गिऱ्हाईक असंच विचारणार!

आता तुम्ही बाहेरून पत्रा ठोकून पाहता आणि अंदाज करता. (आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजाराचे टाका.) पत्रा, पाइप, रॉड ४०,००० रुपये. दोन माणसं १२ दिवस, ८०० रुपये रोजाने १९,२००. काच, रबर, वायरिंग १८,०००. रंग १२,०००. उचलायचा खर्च आणि भाडं ६,०००. एकूण ९५,२००. तुम्ही १,१५,००० सांगितले. १९,८०० सुटतील म्हणून खूश.

केबिन उतरवली आणि खरं चित्र दिसलं. केबिन चॅसीवर ज्या ब्रॅकेटवर बसते, तेच गंजून भुगा झालेत. पेडलखालचा पत्रा गेलाय. वायरिंग हात लावताच तुटतंय. नऊ दिवस वाढले, मजुरी १४,४०० आणि सामान ११,००० जादा. म्हणजे २५,४०० वाढले आणि नफा तर गेलाच, वर ५,६०० खिशातून. शिवाय नऊ दिवस शेड अडकलं, तेवढ्यात दोन ट्रॉल्या दुसरीकडे गेल्या. त्या कुठल्याच वहीत लिहिल्या जात नाहीत.

म्हणून भाव दोन टप्प्यांत सांगायचा. पहिला टप्पा उघडून बघण्याचा: सीट, दारं, फरशी काढायची, ब्रॅकेटची गंज खरवडायची, फोटो काढायचे. याचे समजा ६,००० आगाऊ. काम तुमच्याकडेच दिलं तर अंतिम बिलात वळते. उघडल्यावरच लेखी कोटेशन, आणि त्यात एक ओळ ठळक: ‘यापुढे चॅसीत दोष निघाल्यास मालकाला दाखवून, वेगळा दर ठरवूनच काम होईल.’ काही गिऱ्हाइकं इथेच निघून जातील. जाऊ द्या.

कामातही एक जागा अशी आहे, जिथे घाई केली की पैसे जातात. जुनी केबिन कितीही सडकी असली तरी तीच तुमचा साचा आहे. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप टाका लावून बसवा, आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही तिरकी मापं घ्या. ती सारखी नसतील तर नवीन केबिनचं दार आयुष्यात नीट लागणार नाही. स्टेअरिंग आणि पेडल कुठून आत येतात याचे पुठ्ठ्याचे साचे करून ठेवा. बॅटरी सोडल्याशिवाय वेल्डिंगला हात लावायचा नाही, डिझेलची टाकी बाजूला. शक्तिमानचं इंजिन पुढे नाकात असतं, त्यामुळे केबिन उचलायला इंजिन उतरवावं लागत नाही, एवढं एक सुख.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच स्पष्ट केलंय. त्यामुळे होती तशी केबिन पुन्हा उभी करणं वेगळं, आणि ‘मागे झोपायला जागा काढा, दोन सीट वाढवा’ हे वेगळं. आधी आरसी मागा, चॅसी नंबर स्वतः जुळवून बघा. मालकाला एमएच-२५ च्या ऑफिसात विचारून लेखी उत्तर आणायला सांगा. मंजुरी घेऊन केलेला बदल १४ दिवसांत कळवायचा असतो, हेही त्याच्या कानावर घाला. जुन्या केबिनवरच्या पाट्या भंगारात देऊ नका.

‘सर, फक्त मिलिटरी ट्रकचंच काम करू का?’ माझं मत विचाराल तर नको. आपल्या जिल्ह्यात असे ट्रक हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. पण सोलापूर-धुळे आणि सोलापूर-हैदराबाद हे दोन्ही हायवे आपल्या जिल्ह्यातून जातात. टिपर, टँकर, ऊसवाहतुकीचे ट्रक यांच्या केबिनचा पत्रा रोजच सडतोय, आणि कौशल्य तेच लागतं. शक्तिमान एकच करा, पण उघडल्यापासून रंगापर्यंत फोटो काढा आणि शेडच्या दर्शनी भिंतीवर लावा.

पुढच्या व्हिडिओत कोटेशनचा कागद ओळीओळीने भरून दाखवतो. तोवर तुमच्या शेडमधलं शेवटचं काम घ्या आणि त्यात किती दिवस जादा गेले ते मोजून ठेवा.