घटक ३ : झाडीपट्टी रंगभूमीवरील सहायक अभिनेत्री – एका कारकिर्दीचा अभ्यास कसा करावा?

३.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• ‘दुय्यम’, ‘सहायक’ आणि ‘चरित्र’ भूमिका या संज्ञांतील फरक सांगता येईल.
• झाडीपट्टी रंगभूमीची प्रादेशिक व व्यावसायिक रचना स्पष्ट करता येईल.
• या रंगभूमीवरील सहायक अभिनेत्रीच्या कामाचे स्वरूप विशद करता येईल.
• ज्या कलावंताची लेखी नोंद उपलब्ध नाही, त्याच्या कारकिर्दीचा अभ्यास कोणत्या साधनांनी करावा हे सांगता येईल.

३.२ प्रस्तावना

मागील घटकात आपण विदर्भातील लोकनाट्यपरंपरेचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्याच परंपरेतून वाढलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवरील एका दुर्लक्षित कलावंताचा विचार करावयाचा आहे. नाटकाचा इतिहास लिहिताना नाटककार, दिग्दर्शक, नायक आणि नायिका यांची नावे सहज नोंदवली जातात. नायिकेची मैत्रीण, जाऊ, सासू, खलनायिका किंवा विनोदी मोलकरीण रंगवणारी अभिनेत्री मात्र त्या इतिहासात क्वचितच आढळते. पंचवीस-तीस वर्षे रंगमंचावर उभ्या राहिलेल्या स्त्रीचे नाव तिच्या पश्चात कोणत्याही ग्रंथात सापडू नये, ही साहित्य व कला यांच्या अभ्यासकाने गांभीर्याने घ्यावी अशी बाब आहे. आपल्यापैकी अनेकजण चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांतच राहतात. त्यामुळे हा विषय आपल्या दृष्टीने केवळ परीक्षेपुरता नाही.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ संज्ञाविचार

‘दुय्यम भूमिका’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे. ‘दुय्यम’ या शब्दात क्रम सुचवला जातो, आणि क्रमाबरोबर कमीपणाचा अर्थही चिकटतो. ‘सहायक’ या शब्दात कार्य सुचवले जाते. मुख्य कथानकाला आधार देणारी, ते पुढे नेणारी भूमिका म्हणजे सहायक भूमिका होय. ‘चरित्र अभिनेत्री’ ही संज्ञा मुख्यतः चित्रपटाच्या संदर्भात वापरली जाते. आई, सासू, आत्या, शेजारीण अशा वयाने व स्वभावाने ठळक व्यक्तिरेखा वारंवार साकारणारी अभिनेत्री तिच्यातून सूचित होते.

भारतीय चित्रपटसृष्टीने या कामाला स्वतंत्र पुरस्कार देऊन मान्यता दिली. फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार १९५५ मध्ये ‘बादबान’ या चित्रपटासाठी उषा किरण यांना मिळाला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ही वर्गवारी १९८४ च्या चित्रपटांपासून आली, आणि तिचा पहिला मान ‘पार्टी’ या चित्रपटातील भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना लाभला. या दोन्ही अभिनेत्री मराठी आहेत, हे आपण लक्षात ठेवावे.

३.३.२ झाडीपट्टी : प्रदेश आणि हंगाम

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनव्याप्त, धानउत्पादक पट्ट्यास ‘झाडीपट्टी’ असे म्हणतात. यांपैकी गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे गाव झाडीपट्टी रंगभूमीचे व्यावसायिक केंद्र आहे. नाट्यमंडळांची कार्यालये येथे आहेत. गावोगावचे आयोजक येथे येऊन नाटक, कलावंत आणि तारीख निश्चित करतात.

हा व्यवसाय शेतीच्या चक्राशी बांधलेला आहे. दिवाळीच्या सुमारास धान हाती येऊ लागते, गावात मंडई भरते, पुढे शंकरपट होतात, आणि त्यांच्या जोडीने नाटकाचे प्रयोग लागतात. हा हंगाम साधारणतः होळीच्या आसपासपर्यंत चालतो. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतो. पाहुणे, सोयरे, माहेरवाशिणी यांनी गाव भरून जाते. या व्यवसायाला लोक कौतुकाने ‘झॉलीवुड’ म्हणतात, आणि याच नावाचा, या रंगभूमीवर आधारलेला तृषांत इंगळे दिग्दर्शित मराठी चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.

म्हणजेच येथे स्वतःचा प्रेक्षक, स्वतःचे लेखक, स्वतःचे नट आणि स्वतःची बाजारपेठ असलेला एक छोटा, परंतु स्वयंपूर्ण मनोरंजन-व्यवसाय उभा आहे. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीची ही केवळ शाखा समजणे योग्य होणार नाही.

३.३.३ स्त्रीभूमिका : पुरुषाकडून स्त्रीकडे

झाडीपट्टीतील दंडार आणि खडीगंमत या प्रकारांत स्त्रीचे सोंग पुरुषच घेत असत. ही स्थिती केवळ या भागापुरती नव्हती. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले, व भारतीय पडद्यावर स्त्री प्रथमच अवतरली.

झाडीपट्टीत पुढे गावातील हौशी तरुण नाटक बसवू लागले. पुरुषपात्रे गावातच मिळत. गावातील स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे मात्र समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे स्त्रीभूमिकांसाठी नागपूरसारख्या शहरांतून अभिनेत्रींना बोलावण्याची प्रथा पडली. येथे एक महत्त्वाची गोष्ट आपल्या ध्यानात येईल. गावातील नट हौशी होता, तेव्हा त्याच्यासमोर उभी राहणारी अभिनेत्री मात्र मानधन घेणारी व्यावसायिक कलावंत होती. या अर्थाने झाडीपट्टी रंगभूमीच्या व्यावसायिकतेच्या मुळाशी अभिनेत्रीचे काम आहे. नंतर वडसा येथील मंडळे संपूर्ण नाटक घेऊन गावात जाऊ लागली आणि गावकऱ्यांची भूमिका मुख्यतः आयोजकाची झाली.

३.३.४ एका रात्रीचे काम

सहायक अभिनेत्री नेमके काय करते, हे पुढील चार मुद्द्यांतून पाहू.

(अ) नाटकाचा भार वाहणे : पाच-सहा तासांच्या प्रयोगात नायिका सतत रंगमंचावर राहू शकत नाही. गंभीर प्रसंगानंतर विनोदी प्रवेश, त्यानंतर गाणे, पुन्हा कौटुंबिक संघर्ष अशी रचना असते. या सांध्यांवर सहायक अभिनेत्री उभी असते. पहाटेच्या थंडीत पेंगुळलेल्या प्रेक्षकाला पुन्हा सावध करण्याचे काम बहुधा तिच्या आणि विनोदी नटाच्या वाट्याला येते.

(आ) प्रॉम्प्टरच्या साथीने अभिनय : तालमींना वेळ कमी आणि नाटके अनेक, यामुळे या रंगभूमीवर प्रॉम्प्टरला मोठे महत्त्व आहे. एका कानाने पुढचे वाक्य ऐकावयाचे, मुखाने चालू वाक्य बोलावयाचे आणि डोळे समोरच्या पात्रावर ठेवावयाचे, हे कौशल्य सहज येत नाही.

(इ) बोलीचे जतन : या नाटकांत नायक-नायिकेचे संवाद बहुधा प्रमाण मराठीत असतात. झाडीबोली ऐकू येते ती मुख्यतः विनोदी आणि सहायक पात्रांच्या तोंडी. प्रमाण भाषेतील ‘पाणी’ या बोलीत ‘पानी’ होते. एवढ्या लहानशा ध्वनिभेदानेही प्रेक्षकाला पात्र आपल्या गावचे वाटू लागते. बाहेरून आलेल्या अभिनेत्रीला ही बोली पुस्तकातून शिकता येत नाही, ती कानानेच आत्मसात करावी लागते. कथानकात ज्या पात्राला आपण ‘दुय्यम’ म्हणतो, त्याच्याकडेच प्रेक्षकाच्या मातृभाषेचे प्रतिनिधित्व असते.

(ई) प्रवास आणि प्रतिष्ठा : सायंकाळी वाहनाने गावाकडे निघणे, मिळेल त्या जागी रंगभूषा करणे, रात्रभर प्रयोग, सकाळी परत आणि सायंकाळी दुसरे गाव, असा हंगामाचा क्रम असतो. ज्या गावात रात्री टाळ्या मिळतात, त्याच गावात दिवसा ‘नाटकातली बाई’ म्हणून नाक मुरडले जाऊ शकते. नृत्यासाठीच आलेल्या कलावंत स्त्रीला हे अधिकच सोसावे लागते. कलेची आवड आणि कलावंत स्त्रीविषयीचा संशय हे दोन्ही एकाच समाजात नांदतात, हे अभ्यासकाने लपवू नये.

३.३.५ कारकीर्द कशी मोजावी?

तुलनेसाठी ललिता पवार यांची कारकीर्द पाहू. १९१६ मध्ये येवला येथे जन्मलेल्या या अभिनेत्रीने मूकपटांच्या काळात सुरुवात केली आणि नायिकेच्या भूमिकाही केल्या. १९४२ मध्ये चित्रीकरणातील थप्पड मारण्याच्या प्रसंगात झालेल्या दुखापतीने त्यांच्या चेहऱ्यावर व डाव्या डोळ्यावर कायमचा परिणाम झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे सासूच्या आणि खलनायिकेच्या भूमिकांनी त्यांना अढळ स्थान दिले. ‘अनाडी’ या १९५९ च्या चित्रपटासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि १९८७ पासून प्रसारित झालेल्या ‘रामायण’ मालिकेतील त्यांची मंथरा घराघरांत पोहोचली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. ही कारकीर्द आपण आज अभ्यासू शकतो, कारण चित्रफिती शिल्लक आहेत, श्रेयनामावलीत नाव आहे, वर्षे निश्चित आहेत.

झाडीपट्टीतील अभिनेत्रीच्या बाबतीत प्रयोग संपला की पुरावाही संपतो. तिची कारकीर्द नाटकांच्या यादीने मोजणे पुरेसे ठरत नाही. ती हंगामांनी मोजावी लागते. गणितापुरते एक उदाहरण घेऊ : एखाद्या अभिनेत्रीने एका हंगामात ८० प्रयोग केले आणि असे २५ हंगाम काम केले, तर तिचे २००० प्रयोग होतात. प्रत्येक प्रयोग पाच तासांचा धरल्यास रंगमंचावरील व विंगेतील तिचे १०,००० तास भरतात. एवढ्या कामाची एकही ओळ लिहिलेली नसावी, याचा अर्थ ते काम क्षुल्लक होते असा होत नाही.

वयाप्रमाणे भूमिकाही बदलत जातात. नायिका, मग वहिनी किंवा जाऊ, मग आई, मग सासू, असा क्रम अनेकींच्या वाट्याला येतो. नायकाचे काम करणारा पुरुष मात्र दीर्घकाळ नायकच राहू शकतो. हा भेद आपल्या अभ्यासात स्वतंत्रपणे नोंदवावा.

३.३.६ नोंदीचा प्रश्न

झाडीपट्टी रंगभूमीला राष्ट्रीय पातळीवर मान मिळाला, तो २०२३ मध्ये. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना त्या वर्षी पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या हजारो प्रयोगांची आणि शेकडो भूमिकांची दखल वृत्तपत्रांनी घेतली. हा गौरव सर्वस्वी यथार्थ आहे. परंतु त्या हजारो प्रयोगांत त्यांच्यासमोर उभ्या राहून विनोदाला उत्तर देणाऱ्या अभिनेत्रीही होत्या. समोरच्या पात्राने वेळ साधली नाही, तर उत्तम नटाचा विनोदही पडतो. म्हणून एका कलावंताच्या कारकिर्दीचा अभ्यास त्याच्या सहकलावंतांच्या नोंदीशिवाय अपुरा राहतो.

कोरोनाच्या साथीत प्रयोग थांबले, तेव्हा या व्यवसायाचे हंगामी स्वरूप किती नाजूक आहे हे दिसून आले. प्रयोगामागे मानधन घेणाऱ्या कलावंताला प्रयोग नाही म्हणजे उत्पन्न नाही. आपण अनेक वर्षे हे काम केले आहे, हे सिद्ध करावयाची वेळ आली, तर तिच्याजवळ पुरावा कोणता असणार? पत्रिका, फलक, छायाचित्र यांचे मोल केवळ आठवणीचे नसते, ते अशा वेळी कळते.

३.४ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. झाडीपट्टी रंगभूमीचे व्यावसायिक केंद्र कोणते?
२. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार कोणास मिळाला?
३. झाडीबोली या नाटकांत मुख्यतः कोणत्या पात्रांच्या तोंडी येते?

उत्तरे : १. वडसा (देसाईगंज). २. रोहिणी हट्टंगडी. ३. विनोदी व सहायक पात्रांच्या तोंडी.

३.५ सारांश

झाडीपट्टी रंगभूमी ही धानाच्या हंगामाशी जोडलेली, स्वतःचा प्रेक्षक असलेली व्यावसायिक रंगभूमी आहे. तिच्यातील स्त्रीभूमिका पुरुषांकडून बाहेरून आलेल्या व्यावसायिक अभिनेत्रींकडे आल्या. सहायक अभिनेत्री रात्रभराच्या नाटकाचे सांधे जोडते, बोली टिकवते आणि मुख्य नटाच्या अभिनयाला पूर्णत्व देते. तिची कारकीर्द हंगामांनी मोजावी लागते. लेखी नोंद नसल्यामुळे ती इतिहासातून गळते. ती नोंद करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

३.६ पारिभाषिक शब्द

मंडई – दिवाळीच्या सुमारास गावात भरणारा उत्सव व बाजार.
शंकरपट – बैलजोड्यांची शर्यत.
दंडार, खडीगंमत – झाडीपट्टीतील पारंपरिक लोकनाट्यप्रकार.
प्रॉम्प्टर – विंगेतून किंवा आडोशाने नटाला संवाद पुरवणारी व्यक्ती.

३.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘दुय्यम भूमिका’ या संज्ञेच्या मर्यादा सांगून ‘सहायक भूमिका’ ही संज्ञा अधिक योग्य का, ते लिहा.
२. चित्रपटातील आणि झाडीपट्टी रंगभूमीवरील सहायक अभिनेत्रीच्या कारकिर्दीची तुलना करा.
३. झाडीबोलीच्या जतनातील सहायक पात्रांचे स्थान स्पष्ट करा.

३.८ उपक्रम

आपल्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीची भेट घ्या. प्रथम आपला हेतू सांगून तिची संमती घ्या. नाव प्रसिद्ध करावे की नाही, हे तिलाच ठरवू द्या. तिने काम केलेले हंगाम, मंडळे, भूमिकांचे प्रकार आणि गावे यांचा तक्ता तयार करा. घरात जपून ठेवलेल्या पत्रिका, हस्तपत्रके व छायाचित्रे असल्यास ती मागून नेऊ नका. तिच्यासमोरच त्यांची छायाचित्रे घ्या आणि मागील बाजूस लिहिलेली तारीख व गाव यांचीही नोंद करा. तिचे बोलणे प्रमाण भाषेत न बदलता जसेच्या तसे उतरवा. तयार झालेल्या तक्त्याची एक स्वच्छ प्रत तिला अवश्य द्या. आपल्याला या उपक्रमाचे गुण मिळतील. तिच्या हाती मात्र स्वतःच्या कामाचा कदाचित पहिलाच लेखी पुरावा पडेल.