दिवा लागला तर आधी कोड वाच

चि. ओंकार,


गाडीचे प्लग आणि एअर फिल्टर तू घरीच बदललेस हे ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. त्यानंतर मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि तेव्हापासून तू गाडी बाहेरच काढली नाहीस, हेही तिनंच सांगितलं. तुझा मित्र म्हणतो, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेव, दिवा जाईल. ते मात्र करू नकोस. का, ते नीट लिहितो. फोनवर सगळं सांगून होत नाही.

दिवा लागतो तेव्हा इंजिनाच्या कॉम्प्युटरनं एक कोड साठवलेला असतो. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही असते: इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएमवर होतं, गाडी किती वेगात होती. बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांत हे सगळं पुसलं जातं. इंधनाचं प्रमाण आणि आयडलिंग यांबद्दल कॉम्प्युटर जे शिकलेला असतो तेही जातं, मग आयडलिंग काही काळ खालीवर होतं आणि आपल्याला वाटतं, हा नवाच बिघाड. मूळ दोष असेल तर दिवा परत लागतोच. हातात असलेली नोंद तेवढी आपण घालवून बसतो.

तुझी अल्टिस २०१४ ची. आपल्याकडे गाडीनं स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत हा नियम एप्रिल २०१० मध्ये आला आणि एप्रिल २०१३ पासून त्याचा पुढचा, जास्त कडक टप्पा लागू झाला. त्यामुळे तुझ्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आहे. त्यात लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो आणि मोबाइलवर चालतो. तेवढा एक घे. बाकी काहीही आत्ता विकत घेऊ नकोस.

एक गोष्ट सगळ्यात आधी. दिवा नुसता लागलेला असेल, गाडीचा पिकअप ठीक असेल आणि लाल दिवा एकही नसेल, तर गाडी जपून चालवता येते. पण हाच दिवा लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घे आणि इंजिन बंद कर. लुकलुकणं म्हणजे जोराचा मिसफायर. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो आतून वितळू शकतो. त्याच्या किमतीपुढे टोइंगचे पैसे काहीच नाहीत.

आता तुझ्या कामाकडे येतो. दिवा तुझा हात लागल्यानंतर लागला आहे, म्हणजे शोधही तुझा हात जिथे लागला तिथूनच सुरू करायचा. दूरचे संशय नंतर.

बॉनेट उघड आणि एअर फिल्टरच्या डब्याकडे बघ. त्याच्या झाकणावर हवेचं प्रमाण मोजणारा एअर फ्लो सेन्सर आहे, त्याला पाच वायरींचा छोटा कपलर. झाकण काढताना तो निघतो किंवा काढावा लागतो. परत बसवताना ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. नुसता बसल्यासारखा दिसून चालत नाही. बोटानं मागे ओढून बघ, हलता कामा नये. हलला तर पूर्ण काढ, आतल्या पिना उजेडात बघ, एखादी वाकली आहे का, मागे सरकली आहे का, लॉकची जीभ तुटली आहे का. याच सेन्सरमध्ये हवेचं तापमान मोजणारा भागही आहे. त्यामुळे हा एक कपलर सुटला की पी-०१०२ आणि पी-०११३ असे दोन कोड एकदम येतात. नवखा माणूस दोन सेन्सर गेले समजून दोन्हींची किंमत विचारायला जातो. आणखी एक आठवून बघ: कपलर निघालेला असताना कुणी किल्ली फिरवली होती का? तेवढ्यानंही कोड साठतो. तसं असेल तर गाडीत दोष काहीच नाही.

कोड मिसफायरचा, म्हणजे पी-०३०० ते पी-०३०४ यांपैकी असेल तर प्लगकडे वळ. पी-०३०० सोडला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. तुझ्या इंजिनात टायमिंग चेनच्या बाजूचा पहिला. समज पी-०३०२ आला. इंजिन थंड होऊ दे, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लाव, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून गाडी चालव. आता पी-०३०३ आला तर कॉइल खराब, हे एक रुपयाही न घालवता कळलं. कोड दुसऱ्यावरच राहिला तर तो प्लग काढून बघ. हातातून पडलेल्या प्लगच्या पोर्सेलीनला केसाएवढी चीर असते आणि ती सहज दिसत नाही. नवीन प्लग आधी हातानंच आटे धरून फिरवायचा, पाना शेवटच्या आवळणीपुरता, तोही पुस्तकात दिलेल्या टॉर्कइतकाच. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की काम मोठं होतं.

पी-०१७१ आला तर जास्त धीर धरावा लागेल. त्याचा अर्थ, पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होते आहे. हा कोड लगेच येत नाही, बहुधा दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत तीच तक्रार दिसल्यावर दिवा लागतो. पुष्कळ लोक इथे ऑक्सिजन सेन्सर बदलतात आणि पैसे घालवतात. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा. शून्याच्या आसपास असायला हवा. आयडलिंगला वीसच्या घरात आणि रेस देऊन अडीच हजार आरपीएम ठेवल्यावर उतरत असेल, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरते आहे: निसटलेला होज पाइप, ढिली क्लिप, नीट न बसलेली डिपस्टिक किंवा ऑइलचं झाकण. रेस दिल्यावर आकडा वाढत असेल तर संशय फ्लो सेन्सरच्या घाणीवर किंवा पेट्रोलच्या दाबावर. त्या सेन्सरची बारीक तार बोटानं किंवा कापडानं पुसायची नाही. कार्ब्युरेटर क्लीनरही नको, त्याच्यासाठीचा वेगळा स्प्रे मिळतो.

तू अमेरिकेतले व्हिडिओ बघतोस, म्हणून सांगतो. तिथे दिवा लागला की पहिला सल्ला असतो पेट्रोलच्या टाकीचं झाकण आवळा. तिथल्या नियमांनुसार गाडीला पेट्रोलच्या वाफेची गळती स्वतः तपासावी लागते. आपले नियम युरोपच्या वळणावर बेतलेले आहेत, त्यांत ती सक्ती नाही. झाकण आवळण्यात वेळ घालवू नकोस.

दोष सापडून दुरुस्त झाला की मगच कोड पुसायचा, तोही आधी वहीत उतरवून. मग थंड इंजिनापासून सुरू करून शहरात आणि थोडं हायवेवर, असं दोन-तीन दिवस वापर. न पुसताही लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा बहुतेक वेळा आपोआप जातो.

इतकं करून उलगडलं नाही तर खुशाल गॅरेजला जा, त्यात कमीपणा नाही. मात्र तिथल्या मिस्त्रींपासून काही लपवू नकोस. काय काढलं, कोणत्या क्रमानं, कुठला कपलर हलवला, कोणता कोड आला, सगळं स्पष्ट सांग. त्यांचा अर्धा वेळ वाचतो आणि तुझा खर्चही. आणि यापुढे काम करताना एकावेळी एकच गोष्ट उघड, उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. प्लग आणि फिल्टर एकाच दिवशी केलेस म्हणून आज दोन्हीकडे शोधावं लागतंय.

स्कॅनर आला की कोडचा फोटो मला पाठव आणि रात्री नऊनंतर फोन कर, मी मोकळा असतो. तोवर बॅटरीला हात लावू नकोस.

तुझा,
मामा