‘आपण बरं, आपलं काम बरं’ अमेरिकेत का चालत नाही

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरातले प्रश्न ठरलेले असतात. विद्यापीठाचं रँकिंग काय, कर्ज किती काढायचं, शिक्षणानंतर कामाची मुभा देणाऱ्या ओपीटीवर किती महिने मिळतील, पहिला पगार किती हातात पडेल. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात तिथे ३ लाख ६३ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे लाखो घरांत हेच हिशेब मांडले गेले, आणि घरावर बोजा ठेवून मूल पाठवणाऱ्यांनी ते मांडायलाच हवेत. पण एक प्रश्न या यादीत सहसा नसतो. मूल जिथे नोकरी करेल तिथे चूक दिसली तर ती बोलून दाखवता येते का? अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांनी गेल्या चाळीस वर्षांत जबर भुर्दंड भरून एक गोष्ट शिकून घेतली आहे. ज्या कंपनीत वाईट बातमी खालून वर पोचत नाही, तिचं नुकसान आज ना उद्या ताळेबंदात उतरतं. म्हणूनच ‘आपण बरं, आपलं काम बरं’ असं बजावून आपण मुलांना विमानात बसवतो, तेव्हा त्यांच्या करिअरच्या मुळावर येणारी सवय आपण त्यांच्या सामानात भरत असतो, असं माझं ठाम मत आहे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये आहे. आज हे गाव भारतीय कुटुंबांच्या ओळखीचं आहे आणि तिथे टेस्लाचा मोठा कारखाना आहे. त्याच जागेवर पूर्वी जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथली गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात गेलेली, संप आणि तक्रारींचा ढीग साचलेला, गाड्यांचा दर्जा खालावलेला. असेंब्ली लाइन कशासाठीही थांबवायची नाही, असा तिथला अलिखित नियम होता. एखादा भाग चुकीचा बसला तरी गाडी पुढे सरकायची आणि दुरुस्ती नंतर कारखान्याच्या आवारात व्हायची. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो ‘नूमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा युनियन तीच होती आणि बहुतेक कामगारही जुनेच होते. बदलली होती ती कामाची रीत. प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. काही चुकतंय असं दिसलं की त्याने ती ओढायची, टीम लीडरने धावत यायचं, दोघांनी मिळून अडचण सोडवायची, आणि गाडी त्या टप्प्याच्या टोकाला पोचेपर्यंत ती सुटली नाही तर अख्खी लाइन थांबवायची. दोरी ओढली म्हणून कोणी ओरडत नसे. काही वर्षांतच गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या तोडीचा ठरला. माणसं तीच, गाव तेच. आधी ज्यांना आळशी आणि भांडखोर म्हटलं जात होतं, त्याच माणसांच्या डोळ्यांवर आणि शब्दावर कंपनीने विश्वास टाकला, एवढाच मोठा फरक होता.

जनरल मोटर्सने हा धडा स्वतःच्या घरात बघितला, पण तो सगळीकडे उतरवला नाही. २०१४ मध्ये त्याचं फळ समोर आलं. कंपनीच्या काही छोट्या गाड्यांचा इग्निशन स्विच चालत्या गाडीत आपोआप बंद स्थितीकडे सरकत होता. इंजिन बंद पडायचं, आणि टक्कर झाली तर एअरबॅग उघडायची नाही. डॉलरभराहूनही स्वस्त अशा भागाचा हा दोष कंपनीतल्या काही लोकांना दहा वर्षांपूर्वीपासून ठाऊक होता. कंपनीच्याच भरपाई निधीने शेवटी १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले, आणि २०१५ मध्ये सरकारशी तडजोड करताना ९० कोटी डॉलर भरावे लागले. या प्रकरणाच्या चौकशीचा अहवाल माजी सरकारी वकील अँटन वॅलुकस यांनी लिहिला. तो करिअर निवडणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे, कारण त्यात यंत्राच्या दोषाइतकंच बैठकांबद्दल लिहिलेलं आहे. सगळ्यांनी मान डोलवायची, ठरलेली गोष्ट मान्य करायची आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीच काही करायचं नाही, या सवयीला कंपनीतच ‘जीएम नॉड’ असं नाव पडलं होतं. हातांची घडी घालून बोटं दुसऱ्यांकडे दाखवण्यालाही तिथे नाव होतं, ‘जीएम सॅल्यूट’. मेरी बारा २०१४ मध्येच कंपनीच्या प्रमुख झाल्या होत्या. सुरक्षेतली त्रुटी कोणत्याही कर्मचाऱ्याने थेट कळवावी यासाठी त्यांनी वेगळी व्यवस्था सुरू केली. मान डोलावण्याची किंमत तोवर चुकती झालेली होती.

चूक बोलून दाखवली जाते की दडपली जाते, याचा अभ्यास एमी एडमंडसन यांनी केला. पुढे त्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक झाल्या. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. एकजुटीने काम करणाऱ्या वॉर्डांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडलं की तिथल्या परिचारिका चूक झाली की ती सांगत होत्या, आणि बाकीच्या वॉर्डांत ती दडपली जात होती. चूक सांगू देणाऱ्या या बळाला त्यांनी १९९९ च्या शोधनिबंधात ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ म्हटलं. आपण बोललो तर अपमान होणार नाही, शिक्षा होणार नाही, हा गटातला भरवसा. २०१२ पासून गुगलने आपल्या १८० टीम तपासल्या, तेव्हा त्यांनाही हेच सापडलं. टीममध्ये कोण किती हुशार आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे जास्त मोलाचं ठरलं, आणि त्यात हा भरवसा सगळ्यांत वर होता.

पालक म्हणतील, हे ऐकायला छान आहे, पण धंदा पैशावर चालतो. पैशाचाच हिशेब बघू. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स एडमन्स यांनी ‘काम करायला सर्वोत्तम १०० अमेरिकी कंपन्या’ या यादीतल्या कंपन्यांचे शेअर १९८४ ते २००९ या काळात तपासले. त्या आपापल्या उद्योगातल्या कंपन्यांपेक्षा वर्षाला सुमारे दोन टक्के जास्त परतावा देत होत्या. नफा होतो म्हणून कंपनी कर्मचाऱ्यांचे लाड करते, असा आक्षेप इथे येतो आणि तो रास्त आहे. पण नफा आधीच झालेला असता तर तो शेअरच्या भावात आधीच धरला गेला असता. एडमन्स यांना दिसलं ते असं की यादीत आल्यानंतरच्या काळात या कंपन्यांची कमाई विश्लेषकांच्या अंदाजापेक्षा चांगली निघत राहिली. दुसऱ्या टोकाला वेल्स फार्गो बँक आहे. खाती उघडण्याच्या अवास्तव टार्गेटखाली दबलेल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नावाने लाखो बोगस खाती उघडली. २०१६ मध्ये हे उघड झालं तेव्हा सुमारे ५,३०० कर्मचारी काढलेले होते, २०२० मध्ये बँकेने सरकारशी ३०० कोटी डॉलरची तडजोड केली, आणि २०१८ पासून सात वर्षं तिच्या वाढीवर मध्यवर्ती बँकेची मर्यादा होती. माणसं नोकरी का सोडतात याचाही हिशेब आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत ४ कोटी ७० लाखांहून अधिक राजीनामे पडले. एमआयटी स्लोनच्या नियतकालिकात २०२२ च्या जानेवारीत आलेल्या विश्लेषणानुसार, कोणत्या कंपनीतून लोक जास्त बाहेर पडतील हे सांगायला पगारापेक्षा विषारी वातावरण हा घटक दहा पटींहून अधिक उपयोगी ठरला.

आता मुलांकडे वळू. तिथल्या मुलाखतींत एक प्रश्न हमखास येतो: तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा, आणि पुढे काय केलंत ते सांगा. आपली मुलं इथे अडखळतात. त्यांना कोडिंग येतं, गणित येतं, पण चूक मोठ्याने सांगायची सवय शिक्षणाने लावलेलीच नसते. जर्नल एकमेकांचं बघून पूर्ण करायचं, व्हायवात परीक्षकांना आवडेल ते उत्तर द्यायचं, ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाने राबायचं आणि बाकीच्यांनी नावं घालायची. घरीही ‘मोठ्यांसमोर उलटं बोलायचं नाही’ हेच कानावर पडतं. आदर हवाच. पण आदराने शंका विचारणं हे एक कसब आहे आणि ते बारावीनंतरच्या चार वर्षांत कमावता येतं. प्रयोगाचे आकडे जुळले नाहीत तर न जुळलेले आकडेच जर्नलमध्ये लिहायचे आणि का जुळले नाहीत याचा शोध घ्यायचा. शिक्षकांना भर वर्गात जमत नसेल तर नंतर जाऊन विचारायचं. प्रोजेक्टमध्ये कोणी काय केलं याची नोंद ठेवायची. ‘मला हे येत नाही’ हे वाक्य पोटात गोळा न येता म्हणायला शिकायचं. यातलं काहीही शिकवणीच्या फीमध्ये मिळत नाही, आणि हे करणाऱ्या मुलाला घरी शाबासकी मिळणं फार महत्त्वाचं आहे. गुण थोडे कमी आले तरी.

कोणी विचारेल, वातावरण एवढं मोलाचं असेल तर मग कर्मचारी कपात कशी होते? प्रश्न खरा आहे. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार, तर जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसं कमी केली, आणि त्यात उत्तम काम करणारेही होते. चांगलं वातावरण म्हणजे नोकरीची हमी, असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून बहुतेक ऑफिस कर्मचाऱ्यांना पाचही दिवस ऑफिसात बोलावलं, तिथे शिस्त कडक आहे आणि कंपनी यशस्वीही आहे. पण घरून काम, जेवण, खेळाच्या खोल्या हा वातावरणाचा गाभा नव्हेच. वरिष्ठाच्या कल्पनेतली चूक कनिष्ठाने दाखवली तर काय होतं, हा गाभा. मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी प्रत्येक टीममधल्या काहींना सक्तीने खालचा दर्जा द्यावा लागे, त्यामुळे सहकाऱ्याला मदत करणं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यासारखं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती पद्धत बंद झाली, फेब्रुवारी २०१४ मध्ये हैदराबादचे सत्या नाडेला प्रमुख झाले आणि शिकत राहण्यावर भर आला. त्यानंतरच्या भरभराटीचं श्रेय क्लाउडच्या धंद्याला आहेच, पण एकमेकांचे पाय ओढणाऱ्या टीमना एवढी मोठी दिशा बदलणं जमलं असतं, असं मला वाटत नाही. आणि कपातीत नोकरी गेलेल्याला पुढची नोकरी बहुधा जुन्या सहकाऱ्यांच्या शब्दावर मिळते. तो शब्द टाकताना तुम्ही अडचणीच्या वेळी कसे वागलात हेच त्यांना आठवतं.

सगळ्यांत जड आक्षेप व्हिसाचा आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर देशात राहायला साधारण ६० दिवस मिळतात. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अशा मुलाने तोंड उघडायचं कसं? ही भीती खरी आहे, आणि तिथे जन्मलेल्या सहकाऱ्याइतकी मोकळीक त्याला नसते. म्हणून बोलण्याची जागा निवडायला हवी. साहेबाच्या स्वभावावर बोलू नये, कामातल्या धोक्यावर बोलावं. आधी एकट्यात सांगावं, मग दोन ओळींचा ईमेल पाठवावा, आणि अडचणीसोबत एक तोडगाही सुचवावा. अशा बोलण्याने नोकरी जात असेल, तर ती कंपनी आधीच चुकीची निवडली होती. व्हिसावर अवलंबून असलेल्याला कंपनी बदलणं कठीण असतं, म्हणूनच कंपनी पारखण्याची गरज त्यालाच जास्त आहे. काम नसताना बेंचवर बसवून पगार थांबवणाऱ्या कन्सल्टन्सी तर पहिल्याच फेरीत बाद कराव्यात. एच-वन-बीवरच्या माणसाचा पगार काम नाही म्हणून थांबवणं तिथल्या कायद्यात बसत नाही.

पारख करायची साधनं उघड्यावर आहेत. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीची ६० दिवस आधी सूचना देणं १९८८ च्या वॉर्न कायद्याने बंधनकारक आहे, आणि बरीच राज्यं त्या सूचना आपल्या संकेतस्थळावर टाकतात. कोणत्या कंपनीचे किती एच-वन-बी अर्ज मंजूर झाले आणि किती फेटाळले, याची माहिती इमिग्रेशन खातंच देतं. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतात, तेव्हा मुलाने तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या टीममध्ये गेल्या वर्षी काय बिघडलं आणि ते पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? नव्या माणसाच्या सूचनेवरून तुम्ही अलीकडे काय बदललंत? माझ्याआधी या जागी असलेली व्यक्ती आता कुठे आहे? गुळमुळीत उत्तर मिळालं तर ते वहीत लिहून ठेवावं आणि त्याच कंपनीतल्या आपल्या विद्यापीठाच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला फोन करून पडताळावं. हे काम दुसऱ्या सेमिस्टरमध्ये, हातात वेळ असताना सुरू करावं. ओपीटीची मुदत संपत आल्यावर कोणतीही कंपनी चांगलीच दिसते.