होडीतील दुसरी बॅटरी

मुलांनो, मुंबईच्या मालाड भागात मार्वेचा किनारा आहे. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी गाव लागते. मनोरी हे मच्छीमारांचे जुने गाव. होडीच्या मालकाला कोळी बांधव 'नाखवा' म्हणतात. तुम्हांला 'नाखुदा' हा शब्द ठाऊक आहेच. नाखवा हा त्याचाच मराठी भाऊ!

पूर्वी होड्या शिडावर चालत. आता बहुतेक होड्यांवर डिझेल इंजिन असते. मोठे इंजिन हाताने फिरवून सुरू करणे कठीण असते. ते काम बॅटरी करते. दिवे आणि वायरलेस यांनाही वीज बॅटरीच पुरवते.

आता विचार करा. रात्रीची वेळ आहे. जाळे पाण्यात सोडले आहे आणि इंजिन बंद आहे. दिवे मात्र जळत आहेत, कारण अंधारात मोठ्या जहाजाला लहान होडी दिसत नाही. होडीत एकच बॅटरी असेल तर पहाटेपर्यंत ती रिकामी होईल. मग इंजिन सुरू होणार नाही, दिवा विझेल आणि मदत मागायला वायरलेसही चालणार नाही. वारा नेईल तिकडे होडी जाईल. म्हणून होडीत दुसरी बॅटरी हवी.

अशी बॅटरी फ्रान्सच्या गास्टन प्लान्टे यांनी 1859 मध्ये तयार केली. तिच्यात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. एका घटातून सुमारे 2 व्होल्ट दाब मिळतो. असे 6 घट एकापुढे एक जोडले की 12 व्होल्टची बॅटरी होते.

दोन बॅटऱ्यांची कामे वेगळी असतात. पहिली इंजिन सुरू करते. तिला काही क्षणच, पण फार मोठा प्रवाह द्यावा लागतो. दुसरी थोडा थोडा प्रवाह तासन् तास देते. समजा, दिवे आणि वायरलेस मिळून 48 वॅट वीज लागते. 48 ला 12 ने भागले की 4 अँपिअर प्रवाह येतो. दुसरी बॅटरी 80 अँपिअर-तासांची आहे. ती निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर तिचे आयुष्य कमी होते. म्हणजे वापरायला मिळाले 40 अँपिअर-तास. 40 भागिले 4, म्हणजे 10 तास. एक रात्र निभावली!

मग या बॅटऱ्या जोडायच्या कशा? दोघींची धन टोके एकमेकांना आणि ऋण टोके एकमेकांना कायमची जोडली तर काय होईल? दाब 12 व्होल्टच राहील, पण दिवे दोन्ही बॅटऱ्यांतून वीज घेतील आणि दोन्ही एकदमच रिकाम्या होतील. मग दुसरी बॅटरी असून नसल्यासारखीच!

म्हणून ऋण टोके जाड तारेने जोडतात, पण धन टोकांच्या मध्ये रिले बसवतात. रिले म्हणजे विजेवर चालणारे बटण. इंजिन चालू असते तेव्हा त्याला जोडलेला जनित्र वीज तयार करतो. त्या वेळी रिले मार्ग जोडतो आणि दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतात. इंजिन थांबले की रिले मार्ग तोडतो. आता दिवे फक्त दुसऱ्या बॅटरीवर चालतात. पहिली भरलेली राहते.

धन टोकांच्या तारेवर दोन फ्यूज हवेत, प्रत्येक बॅटरीजवळ एक. कारण या तारेला दोन्ही बाजूंनी वीज मिळते. मध्येच तार घासून उघडी पडली तर एका फ्यूजने एकच बाजू बंद होईल. दुसऱ्या बाजूने आग लागू शकेल.

काही नियम लक्षात ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेटतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ विडी-सिगारेट ओढू नये. बॅटरी घट्ट बांधावी. खारे पाणी तिच्यात गेले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. तारा सोडवताना आधी ऋण टोकाची तार काढावी. टोकांना व्हॅसलीन लावावे, म्हणजे ती खाऱ्या हवेने गंजत नाहीत. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे.

संकटात सापडलेली होडी वायरलेसच्या 16 क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागते. तटरक्षक दलाचा दूरध्वनी क्रमांक 1554 आहे. पण हाक मारायला वीज शिल्लक हवी. शिल्लक ठेवलेली वस्तू अडचणीच्या वेळी कामी येते, पण ती रोजच्या खर्चापासून वेगळी ठेवली तरच.

शब्दार्थ
धन – मुसबत
ऋण – मनफी
प्रवाह – रौ
गंधकाम्ल – गंधक का तेजाब
निभावणे – पार पडणे

स्वाध्याय
1. एकच बॅटरी असल्यास रात्री समुद्रात कोणत्या अडचणी येतील?
2. तारेवर दोन फ्यूज का लावतात?
3. दिव्यांना व वायरलेसला मिळून 60 वॅट वीज लागली, तर वरील बॅटरी किती तास पुरेल?
4. 'असून नसल्यासारखे' हा शब्दप्रयोग वाक्यात वापरा.