फड्या निवडुंग : ओळख व उपयोग

पळसदेवच्या एका बाजूस उजनीचा जलाशय आहे. जलाशयापासून दूर मात्र इंदापूर तालुक्याचा अवर्षणप्रवण, मुरमाड माळ लागतो. अशा माळरानावर व बांधांवर वाढणारा फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातील होय. मराठीत ‘निवडुंग’ हे नाव दोन भिन्न कुलांतील वनस्पतींस दिले जाते. त्यांपैकी एक टंचाईत चाऱ्याच्या उपयोगी पडते, तर दुसरी विषारी आहे. म्हणून त्यांची पारख असणे अगत्याचे आहे.

वर्णन : फड्या निवडुंग कॅक्टेसी कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव ओपन्शिया एलॅटिओर असे आहे. ज्यांस पाने समजले जाते ते चपटे, मांसल फड वस्तुतः खोडाचेच भाग असतात. खरी पाने कोवळ्या फडावर बारीक शंकूप्रमाणे येतात व लवकरच गळतात. फडावरील डोळ्यांतून सुईसारखे लांब, तपकिरी काटे व आखूड कुसांचे झुपके निघतात. कुसांस उलटे दाते असल्याने ती कातडीत रुतल्यास सहज निघत नाहीत. फुले पिवळसर व तांबूस छटेची असून पिकलेले फळ जांभळट लाल दिसते. फडाची त्वचारंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाण्याचा व्यय फार कमी होतो.

भेद : त्रिधारी निवडुंग युफोर्बिएसी कुलातील आहे. त्यास चीर देताच पांढरा चीक वाहतो. हा चीक कातडीस दाहक व डोळ्यांस घातक असतो. फड्या निवडुंगाच्या फडातून असा चीक न येता बुळबुळीत रस निघतो.

चारा : फड आंचेवर धरून काटे व कुसे पूर्णपणे जाळावी, अन्यथा जनावरांच्या तोंडास व जिभेस जखमा होतात. नंतर तुकडे करून ते कडब्याबरोबर द्यावे. फडात पाणी पुष्कळ व प्रथिने थोडी असल्याने केवळ फडांवर जनावरे ठेवू नयेत. तसे केल्यास शेण पातळ होते. लागवडीसाठी काटे नसलेले ओपन्शिया फायकस-इंडिकाचे वाण निवडावे.

कीड : बेसुमार पसरलेल्या निवडुंगाच्या नाशार्थ १९२६ साली श्रीलंकेतून दक्षिण भारतात एक कोचिनियल कीटक आणण्यात आला व तो अत्यंत यशस्वी ठरला. मात्र हाच कीटक चाऱ्याच्या निवडुंगासही लागतो. फडावर कापसासारखे पुंजके दिसून ते चिरडल्यास लाल रंग निघाला, तर असे फड तत्काळ काढून नष्ट करावे.

चिकाची परीक्षा केल्यावाचून कोणताही निवडुंग जनावरांपुढे टाकू नये, हे पशुपालकांनी कटाक्षाने पाळावे.