साथीचा नकाशा : वेळेवर आणि अचूक

इ.स. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उद्भवली. डॉ. जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढण्यात आला. परंतु त्यांचा सुविख्यात नकाशा ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तो १८५५ मध्ये, साथ ओसरल्यावर. आज भौगोलिक माहिती प्रणालीच्या, म्हणजेच ‘जीआयएस’च्या साहाय्याने असा नकाशा काही तासांत सिद्ध होऊ शकतो; मात्र त्याची तयारी साथीपूर्वीच झालेली असावी लागते.

या प्रणालीत माहिती थराथरांनी साठवली जाते. गावांच्या सीमा, रस्ते, जलस्रोत व रुग्णालये हे थर क्वचित बदलतात. रुग्णसंख्या मात्र रोज बदलते. म्हणून ती स्वतंत्र तक्त्यात ठेवावी आणि गावाच्या नावाने नव्हे, तर सांकेतिक क्रमांकाने नकाशाशी जोडावी. कारण एकाच नावाची अनेक गावे असतात आणि एकच नाव अनेक प्रकारे लिहिले जाते. शीर्षक, रंग, खुणांची सूची व मोजपट्टी यांचा साचा एकदाच तयार करावा. ‘क्यूजीआयएस’ या विनामूल्य आज्ञावलीतील ‘अ‍ॅटलास’ सुविधेने त्याच साच्यातून प्रत्येक तालुक्याचा नकाशा आपोआप तयार होतो.

पूर्वतयारी नसेल तर काय होते, हे २०१४ मध्ये गिनी देशातील इबोलाच्या साथीत दिसले. गेकेडू परिसराचे तपशीलवार नकाशेच उपलब्ध नव्हते. जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते व घरे रेखाटली, तेव्हा वैद्यकीय पथकांच्या हाती उपयुक्त नकाशे आले.

वेगाबरोबर दक्षताही हवी. वीस हजार वस्तीत ४० रुग्ण म्हणजे हजारी २; एक हजार वस्तीत १० रुग्ण म्हणजे हजारी १०. केवळ संख्या रंगवली, तर अधिक बाधित गावच फिके दिसेल. रंगांच्या मर्यादाही रोज बदलू नयेत; अन्यथा कालच्या व आजच्या नकाशांची तुलना निरर्थक ठरते. तसेच प्रसिद्ध करावयाच्या नकाशात रुग्णाचे घर ओळखू येता कामा नये.

या साऱ्याचा आरंभ चिकित्सालयातील केसपेपरवर होतो. गाव, वाडी, तालुका व पिनकोड यांसह पूर्ण पत्ता नोंदवणे हे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांच्याच हाती आहे. ती नोंद अपुरी राहिली, तर उत्तमोत्तम संगणकही रुग्णाला नकाशावर योग्य स्थान देऊ शकणार नाही.