मनोऱ्यावरून दिसणारा गाळ : नांदूर मधमेश्वर

निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीस कादवा मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी या ठिकाणी दगडी बंधारा बांधण्यात आला तो कालव्यांसाठी. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी अडवून ते गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांत वळवावयाचे, एवढाच त्याचा हेतू. पक्ष्यांचा विचार त्या आराखड्यात कोठेही नव्हता.

चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर हिवाळ्यात सकाळी लवकर चढावे. दुर्बीण डोळ्यांस लावण्याची घाई मात्र करू नये. आमच्यासमवेतच्या शिक्षकांनी ती केली आणि रोहित पक्षी दिसताच बाकीचे सारे विसरले! प्रथम उघड्या डोळ्यांनी पाण्याचा रंग पाहावा. कोठे ते गडद, कोठे मातकट, तर कोठे पाण्याऐवजी गवताचे बेटच दृष्टीस पडते. नदीचा वेग बंधाऱ्यामुळे मंदावतो आणि तिने आणलेली माती तळाशी बसते. शंभरहून अधिक वर्षे हे चालले आहे. त्यातूनच येथील उथळ पाणथळ निर्माण झाली. चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवारांस वीतभर पाणीही जास्त होते; कमळपक्ष्यास तरंगती पाने लागतात, तर तलवार बदकांस थोडे अधिक पाणी मानवते. १९८६ साली येथे अभयारण्य झाले आणि २०१९ साली राज्यातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची नोंद झाली.

परंतु ज्या गाळावर पक्षी पोसले जातात, त्यानेच जलाशयाची साठवण घटविली आहे. वरच्या अंगास असलेल्या सायखेडा व चांदोरी गावांत ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचे पाणी शिरले. ज्यांच्या घरात चिखल साचला, त्यांनी गाळ उपसण्याचा आग्रह धरला तर त्यांस पक्ष्यांचे वैरी ठरविणे अन्यायाचे होईल. उलट, सरसकट उपसा केल्यास बेटे व उथळ काठ नष्ट होतील. आमच्या मते प्रवाहाच्या मुख्य पात्रातील गाळ आणि काठाचा गाळ यांत भेद केला पाहिजे. कोणता गाळ, कोणत्या महिन्यात काढावयाचा हे पाटबंधारे खाते, वन खाते आणि काठच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र बसूनच ठरवावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस या मनोऱ्यावर एकदा डिसेंबरात व पुन्हा मे महिन्यात न्यावे. दोन्ही वेळी पाण्याची कड वहीत रेखाटण्यास सांगावे व ते नकाशे ग्रामसभेत लावावेत.